मुकें झालेलें दप्तर

मृग नक्षत्रापूर्वींची घरसफाई सुरू झाली, म्हणजे गोंदियाकडील घरांच्या माळ्यांवरून जुन्या वस्तु खालीं उतरूं लागतात. पायली-कुडवाचीं मापें येतात, पितळेचीं भांडीं येतात, लाल कापडांत बांधलेल्या जमाखर्चाच्या वह्या येतात. अलीकडे या मेळ्यांत एका नव्या वस्तूची भर पडली आहे; ती म्हणजे धुळीनें माखलेला, पिवळा पडलेला, बंद संगणक. १ मे १९९९ रोजीं भंडारा जिल्ह्याचें विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वांत आला, आणि पुढील दहा वर्षांत मध्यम स्थितींतील घरांतूनहि संगणक शिरला. जिल्हा आणि त्यांतील घरगुती संगणक हे जवळजवळ समवयस्कच होत. तेव्हां हौसेनें घेतलेलीं तीं यंत्रें आतां भंगारवाल्याच्या तराजूकडे निघालीं आहेत. पितळेचा डबा मोडींत देण्यापूर्वीं त्यांत कांहीं राहिलें तर नाहीं ना, हें घरची म्हातारी उघडून पाहते. संगणकाच्या पोटांत मात्र कोणी डोकावत नाहीं.

श्रोत्यांनीं आमगांव-तिरोड्याच्या बाजूचें असें एक घर कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावें. घरच्या आजोबांनीं २००३ सालच्या सुमारास आपल्या वृद्ध मातोश्रींस संगणकाजवळ बसवून त्यांच्या तोंडचीं पोवारी लग्नगीतें ध्वनिमुद्रित केलीं, आणि त्या गीतांचे शब्द व अर्थ देवनागरींत टंकून ठेवले. पुढें मातोश्री गेल्या, कांहीं वर्षांनीं आजोबाहि गेले, आणि एके दिवशीं संगणक सुरूच झाला नाहीं. पोवारी ही गोंदिया, भंडारा, बालाघाट व शिवनी या जिल्ह्यांतून बोलली जाणारी बोली. तींत छापलेलें साहित्य थोडें, आणि जुनीं गीतें पाठ असलेल्या स्त्रिया दिवसेंदिवस कमी. तेव्हां त्या बंद पेटींत असें कांहीं असूं शकेल, कीं जें जगांत दुसरीकडे कोठेंहि नाहीं. तें परत मिळेल काय, हा प्रश्न दिसण्यांत एका घराचा आहे. परंतु त्याचा इतिहास लांबचा आहे.

महाराष्ट्रास हा प्रश्न नवा नाहीं. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं गांवोगांव हिंडून जुन्या घराण्यांचे रुमाल सोडविले आणि १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. पुढें या मालेचे २२ खंड झाले. १९१० सालीं पुणें येथें भारत इतिहास संशोधक मंडळ निघालें. १९३० ते १९३४ या काळांत गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ भाग बाहेर पडले. या सर्व खटपटींतून एक धडा मिळाला. दप्तरास एक नव्हे, दोन मरणें असतात. वाळवी, पाऊस आणि आग यांनीं कागद नष्ट होतो, तें पहिलें मरण. कागद धडधाकट असून तो वाचणारा मनुष्य उरत नाहीं, तें दुसरें. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतून मोडी शिकविली जात असे. ती बंद झाल्यावर घरोघरचे मोडी कागद एका पिढीच्या आंत मुके झाले. नातवास आजोबांचें नांव ठाऊक असतें, पण आजोबांची सही वाचतां येत नाहीं.

संगणकांतील दप्तरासहि हींच दोन मरणें लागू आहेत. फरक इतकाच, कीं कागदास जें शंभर वर्षांत होतें तें येथें वीस वर्षांत होतें. तें कसें, हें समजण्यास प्रथम या दप्तराची पेटी, म्हणजे हार्ड डिस्क, हिचा जन्म पाहिला पाहिजे.

अमेरिकेंतील आय.बी.एम. या कंपनीनें कॅलिफोर्नियांतील सॅन होजे येथील आपल्या प्रयोगशाळेंत तयार केलेली पहिली हार्ड डिस्क १९५६ सालीं बाजारांत आणली. तींत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकाच दांड्यावर फिरत असत, आणि एवढ्या अवाढव्य कपाटांत सुमारें ५० लाख अक्षरें मावत. १९७३ सालीं त्याच कंपनीनें ‘विंचेस्टर’ नांवानें ओळखली जाणारी रचना काढली. तींत तबकड्या व त्या वाचणारीं टोकें एकाच बंद डब्यांत ठेवलीं, जेणेंकरून धूळ आंत शिरूं नये. १९८० सालीं सीगेट कंपनीनें ५० लाख अक्षरांचीच, परंतु सव्वापांच इंच मापाची, डिस्क विकावयास काढली. चोवीस वर्षांपूर्वीं ज्यास कपाट लागत होतें, तें आतां टेबलावरील यंत्रांत बसूं लागलें. घरगुती संगणकाचा मार्ग येथून मोकळा झाला.

तिची आंतील रचना मोठी मनोवेधक आहे. अॅल्युमिनियमच्या किंवा कांचेच्या गुळगुळीत तबकडीवर चुंबकी द्रव्याचा अति पातळ थर दिलेला असतो. त्या थरांतील सूक्ष्म ठिपक्यांची चुंबकी दिशा एका बाजूस वा दुसऱ्या बाजूस वळवून सर्व मजकूर लिहिला जातो. मग तें गाणें असो, छायाचित्र असो, वा धानाचा हिशेब असो. घरगुती डिस्कमधील तबकडी मिनिटास ५४०० किंवा ७२०० फेरे घेते. तिच्यावरून फिरणारें टोक, ज्यास कारागीर ‘हेड’ म्हणतात, तें तबकडीस स्पर्श करीत नाहीं. फिरण्यानें उत्पन्न झालेल्या हवेच्या थरावर तें तरंगतें. हें अंतर केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याहूनहि कमी असतें. धुराचा एक कणहि त्या फटींत मावत नाहीं. टोक तबकडीस घासलें, तर चुंबकी थर खरवडून निघतो आणि त्याबरोबर तेथील अक्षरेंहि जातात. म्हणूनच घरीं पेचकस घेऊन डिस्कचें झांकण उघडणें हा सर्वांत घातक उपाय होय.

येथें एक सुदैवाची गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. ‘फाइल पुसली’ असें जें म्हटलें जातें, तें बहुधा खरें नसतें. ग्रंथाच्या अनुक्रमणिकेंतून एका प्रकरणाचें नांव खोडावें, परंतु त्या प्रकरणाचीं पानें ग्रंथांत तशींच राहूं द्यावीं, असा तो प्रकार आहे. विंडोजच्या आरंभींच्या पद्धतींत तर फाइलीच्या नांवाचें केवळ पहिलें अक्षर बदलून तेथें एक खूण केली जाई, व तिनें व्यापिलेली जागा मोकळी समजली जाई. त्या जागीं नवें लिखाण होईपर्यंत जुनें तेथेंच पडून असे. यावरून नियम निघतो तो असा, कीं हरवलेलें शोधावयाचें असेल त्या डिस्कवर नवें कांहींहि लिहूं नये. शोधण्याचें साधनसुद्धां दुसऱ्या डिस्कवर असावें. नव्या धर्तीच्या, तबकडी नसलेल्या एस.एस.डी. साठवणींत मात्र पुसलेली जागा यंत्र स्वतःच मागाहून रिकामी करून टाकतें. तेथें हा भरंवसा धरतां येत नाहीं.

पहिल्या मरणापासून डिस्क किती वांचूं शकते, याचा एक दाखला २००३ सालीं मिळाला. १ फेब्रुवारी २००३ रोजीं कोलंबिया हें अवकाशयान पृथ्वीकडे परततांना आकाशांतच भंगलें आणि कर्नालची कन्या कल्पना चावला हिच्यासह सातहि अंतराळवीर प्राणांस मुकले. यानांत झेनॉन वायूच्या चिकटपणावर एक प्रयोग चालला होता. त्याचे कांहीं आंकडे उड्डाण चालू असतांनाच पृथ्वीवर आले होते. उरलेले एका हार्ड डिस्कवर होते. ती डिस्क अवशेषांमध्यें टेक्सास प्रांतांत सांपडली, तेव्हां ती जळून काळी ठिक्कर पडली होती. क्रोल ऑनट्रॅक या कंपनीच्या तंत्रज्ञांनीं तिच्या तबकड्या काढून स्वच्छ केल्या, दुसऱ्या चांगल्या डिस्कच्या सांगाड्यांत बसविल्या आणि आंतील सुमारें ९९ टक्के मजकूर वाचून काढला. दैवयोगानें त्या संगणकांत जुनी डॉस पद्धति होती. ती मजकूर फारसा विखरून ठेवीत नसे, आणि जेथें तो होता तो भाग शाबूत राहिला होता. प्रयोगाचा निबंध २००८ सालीं प्रसिद्ध झाला. जें काम सात माणसांनीं जिवाच्या मोलानें केलें, त्यांतील एवढा तरी अंश हातीं आला.

आकाशांतून पडून जळालेली डिस्क जर बोलूं शकते, तर माळ्यावर झांकून ठेवलेली कां बोलूं नये? ती पुष्कळदां बोलते. परंतु तिला कसें बोलवावें हें कळलें पाहिजे. संगणक सुरू होत नाहीं याचा अर्थ डिस्क मेली असा नव्हे. वैशाखांतील उष्मा, श्रावणांतील दमट हवा, विजेची ये-जा आणि गिरण्यांचा कोंडा यांनीं बहुधा प्रथम विजेचा पुरवठा करणारा डबा बिघडतो किंवा मुख्य पाटी निकामी होते. याकरितां वर्षानुवर्षें बंद असलेल्या यंत्रास एकदम वीज देऊन पाहूं नये. पेटीचे स्क्रू काढून डिस्क तेवढी अलग काढावी. २००३ सालच्या सुमारास सॅटा ही नवी जोडणी बाजारांत आली, त्यापूर्वींच्या आय.डी.ई. जातीच्या डिस्कला ४० टांचण्यांची रुंद जोडणी असते. ती आजच्या संगणकाच्या यू.एस.बी.ला जोडणारें साधन दुकानांत मिळतें. मात्र मोठ्या डिस्कला वीज स्वतंत्र द्यावी लागते, हें विसरूं नये.

वीज देतांच कान देऊन ऐकावें. एकसारखी मंद गुणगुण आली तर आशा आहे. टक् टक् असा ठोका पुनःपुन्हां येऊं लागला, किंवा खरवडल्यासारखा आवाज झाला, तर तत्क्षणीं वीज बंद करावी. कारण त्यापुढील प्रत्येक फेरा कांहीं ना कांहीं खरवडीत असण्याचा संभव असतो. अशी डिस्क स्वच्छ-कक्ष बाळगणाऱ्या तज्ज्ञांकडेच गेली पाहिजे. अशा वेळीं डिस्क बर्फाच्या कपाटांत ठेवण्याचा जो उपाय सांगितला जातो, त्यानें तबकडीवर दंव धरतें आणि उरलीसुरली आशाहि जाते. डिस्क नीट फिरत असून विंडोज तिला ओळखीत नसेल, तर पडद्यावर एक सभ्य प्रश्न उमटतो: ही डिस्क फॉर्मॅट करावयाची काय? या प्रश्नास हो म्हणून किती घरांनीं आपलें दप्तर स्वहस्तें गमावलें असेल, याची गणती नाहीं. उत्तर नाहीं असेंच द्यावें.

यानंतरचें पहिलें काम म्हणजे शोध नव्हे, नक्कल. जुन्या डिस्कवरील खणन्‌खण जसाच्या तसा नव्या, मोठ्या डिस्कवर उतरून घ्यावा. याकरितां ‘डीडी-रेस्क्यू’ नांवाचें साधन विनामूल्य मिळतें. तें प्रथम चांगले भाग झटपट उतरून घेतें, अडलेल्या जागांची नोंद ठेवतें आणि मग त्या जागांकडे पुन्हां वळतें. घर जळत असतां प्रथम मुलें बाहेर काढावीं, मग भांडीं, असा त्याचा शहाणपणा आहे. नक्कल झाली कीं जुनी डिस्क बाजूस ठेवावी आणि पुढील सर्व उद्योग नकलेवर करावा. अनुक्रमणिकाच मोडली असेल तर ‘फोटोरेक’ हें दुसरें विनामूल्य साधन प्रत्येक प्रकारच्या फाइलीची आरंभींची खूण ओळखून तिला हुडकतें. त्या काळच्या ध्वनीच्या सामान्य फाइलीच्या आरंभीं रोमन लिपींतील ‘आर-आय-एफ-एफ’ हीं चार अक्षरें असतात, तीच खूण. अशा वेळीं फाइलींचीं मूळ नांवें मिळत नाहींत. शेंकडों निनांवी फाइली एकेक उघडून पाहाव्या लागतात. राजवाड्यांच्या रुमालांसारखेंच हें काम आहे, आणि त्यास तितकीच चिकाटी लागते.

आतां त्या कल्पिलेल्या घराकडे परत यावें. समजा, डिस्क फिरली, नक्कल झाली, आणि दोन दिवसांच्या शोधानंतर ध्वनीची फाइल सांपडली. ती उघडतांच वीस वर्षांपूर्वीं बसलेला आवाज घरांत उमटतो. मध्येंच खोकला आहे, मागें कोंबडा आरवतो आहे, कोणी तरी मुलांस गप्प बसवीत आहे; पण गाणें संबंध आहे. पणतीनें ज्या पणजीस कधीं पाहिलें नाहीं, तिचा श्वास ती ऐकते. पहिलें मरण टळलें. नंतर शब्दार्थाची फाइल उघडली जाते, आणि पडद्यावर येते ती रोमन अक्षरांची व चिन्हांची अर्थहीन भेसळ. फाइल बिघडली, असा घरच्यांचा समज होतो. वस्तुतः एकहि अक्षर बिघडलेलें नसतें. येथें दुसरें मरण उभें असतें.

याचें कारण मराठीच्या संगणक-प्रवेशाच्या इतिहासांत आहे. १९८८ सालीं पुण्यास प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच सी-डॅक, स्थापन झालें आणि कानपूरच्या आय.आय.टी.मध्यें जन्मलेलें ‘जिस्ट’ हें भारतीय लिपींचें तंत्र तेथें वाढीस लागलें. १९९१ सालीं भारतीय मानक ब्यूरोनें ‘इस्की’ हा भारतीय लिपींचा संकेत ठरविला. परंतु छापखान्यांतून व घरांतून जे फॉन्ट पसरले, त्यांतील पुष्कळांनीं निराळीच वाट धरली. संगणकास रोमन अक्षरांचे क्रमांक ठाऊक होते. त्याच क्रमांकांवर देवनागरी अक्षरांचीं व काना-मात्रांचीं चित्रें बसविलीं गेलीं. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. श्रीलिपींत लिहिलेलें आकृतींत वाचतां येईना, आकृतींतलें कृतिदेवांत वाचतां येईना. एका भाषेच्या लोकांनीं नकळत अनेक गुप्त लिपी निर्माण केल्या, आणि किल्ली त्या त्या फॉन्टपाशीं राहिली.

युनिकोड या जागतिक संकेताची पहिली आवृत्तिहि १९९१ सालींच निघाली. त्यांत देवनागरी ‘क’ ह्या अक्षराचा क्रमांक २३२५ आहे; तो गोंदियांत, मुंबईंत वा लंडनांत सर्वत्र तोच. २००१ सालच्या विंडोज एक्स्पीमध्यें देवनागरी युनिकोडची सोय होती. तरीहि संवय सुटण्यास बरींच वर्षें लागलीं, आणि मधल्या काळांतील घरगुती पत्रें, स्मरणिका, वंशावळी व कवितांच्या वह्या त्या गुप्त लिपींतच पडून राहिल्या. त्यानंतर युनिकोडनें जुन्या लिपींनाहि जागा दिली. २०१४ सालीं मोडीस स्थान मिळालें. गोंदियाला लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्यांतील मुनशी मंगलसिंग मसराम यांनीं गोंडी भाषेकरितां १९१८ सालीं रचिलेली लिपि २०१७ सालीं त्यांत आली. म्हणजे शेजारच्या जिल्ह्यांतील एका माणसानें कागदावर काढलेल्या अक्षरांस जगाच्या संकेतांत पोहोंचण्यास ९९ वर्षें लागलीं. तीं अक्षरें तोंपर्यंत टिकलीं, याचें श्रेय यंत्रास नाहीं. तीं लिहिणाऱ्या व शिकविणाऱ्या माणसांस आहे.

मग त्या घरच्या शब्दार्थाचें काय? उपाय त्याच डिस्कमध्यें असतो. आजोबांनीं ज्या फॉन्टमध्यें टंकलें, तो फॉन्ट त्यांच्याच संगणकावर, विंडोजच्या ‘फॉन्ट्स’ नांवाच्या खणांत, ठेवलेला होता. संपूर्ण डिस्कची नक्कल घेतली असेल, तर कुलुपाबरोबर किल्लीहि घरीं आलेली असते. तो फॉन्ट नव्या संगणकावर बसवितांच बहुधा ती भेसळ जाऊन ओळीमागून ओळ देवनागरी उभी राहते. मग ती युनिकोडमध्यें बदलून घेण्याचीं साधनेंहि मिळतात. केवळ गाणें व छायाचित्रें उचलून डिस्क भंगारांत देणारा मनुष्य मात्र किल्ली फेंकून कुलूप जपून ठेवतो. दप्तर उतरून घेतांना निवड करूं नये, सर्व घ्यावें. काय महत्त्वाचें होतें हें बहुधा मागाहून कळतें.

सर्वच डिस्क परत बोलतील असें नाहीं. कित्येकींचा थर गेलेला असतो, कित्येकींवर नवें लिखाण झालेलें असतें, आणि तेथें कोणताहि तज्ज्ञ हात टेकतो. म्हणून जें परत मिळालें, त्याच्या किमान दोन प्रति निरनिराळ्या ठिकाणीं असाव्या. एक घरीं, एक दुसऱ्या गांवच्या नातेवाइकांकडे. दर कांहीं वर्षांनीं त्या उघडून पाहाव्या व नव्या साधनावर उतरवाव्या. तसेंच त्या गीतांचा अर्थ घरांतील एका तरी मुलास तोंडीं सांगून ठेवावा. पोवारी समजणारें कोणी उरलें नाहीं, तर ध्वनि स्वच्छ असूनहि तें दप्तर मुकेंच राहील, आणि त्या मरणावर कोणत्याहि संगणकापाशीं औषध नाहीं.

भंगारवाला दारांत उभा असतो. पेटीचें वजन होतें, कांहीं रुपये हातीं पडतात, आणि अंगणांतून गाडी निघून जाते. तीपूर्वीं चार स्क्रू काढून ती तळहाताएवढी डिस्क बाजूस ठेवण्यास पाव तास पुरतो.